संगणकाच्या गाभ्यातील छिद्रे आणि त्यांची दुरुस्ती

(मोरजी, तालुका पेडणे, येथील ग्रामस्थ, शिक्षक आणि शासकीय कर्मचारी यांच्यासमोरील व्याख्यानाचा मजकूर)



मोरजी गावाच्या पश्चिमेस अरबी समुद्र आहे आणि दक्षिणेस शापोरा नदीचे मुख. या नदीच्या दोन्ही तीरांवर पूर्वजांनी बांध घालून खाजन जमिनी लागवडीस आणल्या. बांधात मानस बसविली. भरतीच्या वेळी मानशीचे दार मिटते व ओहोटीच्या वेळी शेतातील जादा पाणी बाहेर जाते. या व्यवस्थेचा एक नियम प्रत्येक खाजनकार जाणतो. बांध कितीही रुंद असला तरी खेकड्याने पाडलेले एक भोक त्याच्या नाशास पुरेसे ठरते. भोक लहान असताना दोन टोपल्या चिखलाने बुजते. तेच दुर्लक्षिले तर एखाद्या उधाणाला भगदाड पडते, खारे पाणी आत शिरते आणि पुढील कित्येक हंगाम जमीन पीक देत नाही. ही हानी ज्याच्या कुणग्याजवळ भोक होते त्याच्या एकट्याची नसते. ती संपूर्ण खाजनाची असते.

प्रस्तुत व्याख्यानाचा विषय वरकरणी याहून सर्वस्वी भिन्न आहे. संगणकाच्या आणि भ्रमणध्वनीच्या अगदी आतल्या भागात, म्हणजे त्याच्या गाभ्यात, राहून गेलेली छिद्रे आणि त्यांची दुरुस्ती हा तो विषय होय. परंतु एक चौदाचा उतारा, पंचायतीचा दाखला, वीजबिल, शाळेचा निकाल, बँकेतील ठेव, सारेच आज संगणकावर अवलंबून आहे. सबब या गाभ्याची निगा हा केवळ तज्ज्ञांचा विषय राहिलेला नाही.

गाभा म्हणजे काय

संगणकात दोन प्रकारच्या आज्ञावली असतात. पत्र लिहिण्याची, हिशेब ठेवण्याची, छायाचित्र दाखविण्याची आज्ञावली ही पहिल्या प्रकारची. तिचा वापरकर्त्याशी प्रत्यक्ष संबंध येतो. या सर्वांच्या खाली ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे कार्यप्रणाली असते. विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड ही त्यांची परिचित नावे होत. या कार्यप्रणालीचाही जो सर्वांत आतला भाग, त्याला इंग्रजीत कर्नल म्हणतात. मराठीत त्याला गाभा म्हणणे योग्य ठरेल. स्मृतीची वाटणी करणे, धारिका जपून ठेवणे, छपाईयंत्र, पडदा व जाळे यांच्याशी बोलणे आणि कोणाला काय करण्याची मुभा आहे याचा निवाडा करणे ही गाभ्याची कामे होत.

मामलेदार कचेरीचा दाखला घेतल्यास ही रचना ध्यानात येईल. कचेरीत नागरिक थेट अभिलेखांच्या खोलीत जात नाही. तो खिडकीवर अर्ज देतो. आतील कर्मचारी अर्ज तपासतो, अधिकार आहे की नाही हे पाहतो आणि मगच कागद आणून देतो. संगणकातही साधी आज्ञावली स्वतः काही उचलू शकत नाही. ती गाभ्याच्या खिडकीवर मागणी नोंदविते आणि गाभा ती पूर्ण करतो. साध्या आज्ञावलीत दोष निघाला तर बहुधा तीच बंद पडते. गाभ्यात दोष निघाला तर मात्र अभिलेखांच्या खोलीचीच भिंत फुटते. आत शिरलेल्यास प्रत्येक कपाट उघडे असते आणि त्याला अडविणारा कोणी उरत नाही, कारण अडविण्याचे काम ज्याचे तोच भेदला गेलेला असतो.

लिनक्स या गाभ्याचा आरंभ १९९१ साली हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने केला. आज त्यात तीन कोटींहून अधिक ओळी असून जगभरातील हजारो कार्यकर्ते त्यात भर घालीत असतात. बहुतेक अँड्रॉइड भ्रमणध्वनींच्या मुळाशी हाच गाभा आहे. एकविसाव्या शतकाच्या आरंभी गोव्यातील काही शाळांमध्ये परदेशांतून आलेल्या वापरलेल्या संगणकांवर लिनक्स बसविण्याचा उपक्रम झाला होता, हे जुन्या शिक्षकांना आठवत असेल. कोट्यवधी ओळींच्या या लिखाणात चुका राहणारच. त्यांपैकी ज्या चुकीचा लाभ घेऊन परक्यास आत शिरता येते, तिला सुरक्षेतील छिद्र म्हणावयाचे.

छिद्रे कशी पडतात

ही छिद्रे अनेक प्रकारची असली तरी तीन प्रकार विशेष आढळतात.

पहिला प्रकार जागेच्या मोजमापातील चुकीचा. गोदामात जागा ९,८०० पोत्यांची असावी आणि आत १९,८०० पोती लोटली जावीत, तर उरलेली पोती शेजारच्या खोलीत कोसळतील. संगणकाच्या स्मृतीतही असेच घडते. जागेबाहेर सांडलेला मजकूर शेजारच्या मजकुरावर पसरतो. आणि सांडणारा मनुष्य लबाड असेल तर तो नेमक्या जागी स्वतःच्या आज्ञा सांडतो.

दुसरा प्रकार सोडून दिलेल्या जागेच्या वापराचा. एक घर पाडले, नोंदवहीतून घरक्रमांक काढून टाकला, परंतु जुन्या भाडेकरूकडील किल्ली परत घेतली नाही. पुढे त्याच जागी दुसऱ्याचे घर उभे राहिले आणि कुलूप तेच राहिले, तर जुना भाडेकरू कधीही आत येऊ शकेल. गाभा स्मृतीचा एखादा भाग मोकळा करतो, पण त्याकडे नेणारा जुना पत्ता कोठेतरी शिल्लक राहतो, तेव्हा हा प्रसंग ओढवतो.

तिसरा प्रकार वेळेच्या फटीचा. २०१६ साली उघडकीस आलेला ‘डर्टी काऊ’ हा दोष त्याचे उत्तम उदाहरण होय. एका नोंदवहीचे वाचन अनेकांना करावयाचे असेल तर गाभा सर्वांना मूळ वहीच दाखवितो. ज्याला तीत लिहावयाचे असेल त्याला तो वेगळी नक्कल करून देतो, जेणेकरून मूळ वही अबाधित राहावी. परंतु नक्कल हाती देणे आणि तीवर लेखणी टेकणे या दोहोंमध्ये अतिसूक्ष्म फट होती. त्याच क्षणी दुसऱ्या हाताने नक्कल फेकून दिली तर लेखणी मूळ वहीवर टेकत असे. ज्याला केवळ वाचनाचा अधिकार, तो अशा रीतीने मूळ नोंद बदलू शके.

या दोषाचा इतिहास बोधप्रद आहे. टोरवाल्ड्स यांनी स्वतः २००५ साली त्याच्या दुरुस्तीचा प्रयत्न केला होता. परंतु एका विशिष्ट प्रकारच्या मोठ्या संगणकावर त्या दुरुस्तीमुळे अडचणी येऊ लागल्याने ती मागे घेण्यात आली. त्या काळी तो धोका केवळ तात्त्विक भासत होता. गाभ्यात पुढे होत गेलेल्या बदलांमुळे २००७ पासूनच्या आवृत्त्यांत ही फट प्रत्यक्ष उपयोगात आणण्याजोगी झाली आणि सुमारे नऊ वर्षे तशीच राहिली. अखेर फिल ओएस्टर या जाणकाराने आपल्या संगणकाकडे येणाऱ्या-जाणाऱ्या संदेशांची नोंद जपून ठेवली होती, तीत या हल्ल्याची खूण सापडली. ऑक्टोबर २०१६ मध्ये दुरुस्ती प्रसिद्ध झाली. बांधाची नित्य पाहणी करणाऱ्याच्या दृष्टीसच भोक पडते, हाच त्याचा अर्थ.

दुरुस्ती कशी होते

छिद्र सापडल्यावर प्रामाणिक शोधकाने प्रथम ते गाजवावयाचे नसते. तो संबंधित निर्मात्यास गुप्तपणे कळवितो. निर्मात्याकडील जाणकार दोषाचे मूळ शोधतात. दुरुस्ती पुष्कळदा चारदोन ओळींचीच असते. परंतु ती लिहिण्यापेक्षा तपासण्यास अधिक वेळ लागतो. एका ठिकाणचे भोक बुजविताना दुसरीकडे नवे पडत नाही ना, जुन्या यंत्रांचे काम अडत नाही ना, हे पाहावे लागते. लिनक्सच्या बाबतीत दुसऱ्या जाणकारांनी तो बदल वाचून संमती दिल्यावर तो मुख्य गाभ्यात घेतला जातो आणि नंतर वापरात असलेल्या जुन्या आवृत्त्यांमध्येही उतरविला जातो. तयार झालेली दुरुस्ती तेथे सर्वसाधारणपणे सात दिवसांपेक्षा अधिक काळ रोखून ठेवीत नाहीत. मायक्रोसॉफ्ट कंपनी प्रत्येक महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी आपल्या दुरुस्त्या प्रसिद्ध करते. संगणकाच्या व्यवहारात या दुरुस्तीला पॅच आणि ती यंत्रावर चढविण्यास अपडेट करणे म्हणतात.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. दुरुस्ती प्रसिद्ध होणे म्हणजे छिद्र जगजाहीर होणे. जुनी आवृत्ती आणि नवी आवृत्ती शेजारी ठेवून त्यांतील फरक पाहिला की भोक नेमके कोठे होते हे कुशल चोरास उमगते. म्हणून दुरुस्ती प्रसिद्ध झाल्यापासून ती प्रत्यक्ष यंत्रावर बसेपर्यंतचा काळ हाच सर्वांत धोक्याचा काळ होय. २०१७ सालच्या घटनांनी हे जगाला दाखवून दिले.

२०१७ सालचा धडा

विंडोजमध्ये एका संगणकावरील धारिका जाळ्यातील दुसऱ्या संगणकास देण्याची सोय असते. ही सोय पाहणारा भाग गाभ्यातच काम करीत असे आणि त्यात बेरजेची एक चूक राहिली होती. एका मोजमापासाठी मोठे घर राखलेले होते. परंतु ते सुधारताना त्याचा अर्धाच भाग नव्याने लिहिला जात असे. वहीत आधी १०,५०० असा आकडा आहे, खरी बेरीज ९,८०० आली आणि कारकुनाने केवळ शेवटचे चार अंक बदलले, तर आकडा १९,८०० असा होईल. गोदामाचे उदाहरण येथेच लागू पडते. जागा खऱ्या बेरजेइतकी आणि माल खोट्या बेरजेइतका, यामुळे मजकूर सांडत असे. ही चूक अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेस ठाऊक होती. तिने तीवर आधारलेले ‘इटर्नल ब्लू’ नावाचे साधन तयार करून गुप्तपणे बाळगले होते.

पुढील तारखा मुद्दाम ध्यानात घ्याव्यात. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने या छिद्राची दुरुस्ती प्रसिद्ध केली. १४ एप्रिल रोजी ‘शॅडो ब्रोकर्स’ म्हणविणाऱ्या टोळीने ते चोरलेले साधन जगापुढे उघडे केले. १२ मे रोजी, म्हणजे दुरुस्ती हाती आल्यानंतर ५९ दिवसांनी, ‘वॉनाक्राय’ हा विषाणू त्याच छिद्रातून पसरला. दीडशेहून अधिक देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांवरील धारिका त्याने कुलूपबंद केल्या आणि किल्लीसाठी ३०० डॉलरची खंडणी मागितली. इंग्लंडमध्ये किमान ८० शासकीय रुग्णालय-समूहांना त्याची झळ पोहोचली. सुमारे १९ हजार रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द झाल्या असाव्यात असा तेथील अंदाज आहे. विषाणू एका विशिष्ट संकेतस्थळाचा शोध घेतो आणि ते सापडल्यास थांबतो, हे मार्कस हचिन्स या तरुणाच्या ध्यानात आले. त्याने ते नाव नोंदविताच प्रसार मंदावला.

हे संकट केवळ मोठ्या नगरांवर आले असे नव्हे. केरळ राज्यातील वायनाड जिल्ह्यातील तरियोड आणि पत्तनंतिट्टा जिल्ह्यातील अरुवाप्पुलम या ग्रामपंचायतींच्या कचेऱ्यांतील संगणकही त्यात सापडले. ग्रामपंचायतीचा संगणक कोण कशाला फोडील, असा समज पुष्कळांचा असतो. परंतु विषाणू कोणाचे नाव पाहून येत नाही. खारे पाणी ज्याप्रमाणे मालकाचे नाव विचारीत नाही, त्याप्रमाणेच तो जेथे भोक मिळेल तेथे शिरतो.

वॉनाक्रायचा एवढा गाजावाजा होऊनही जगातील असंख्य यंत्रे तशीच राहिली. २७ जून २०१७ रोजी, म्हणजे मूळ दुरुस्तीनंतर १०५ दिवसांनी, ‘नॉटपेट्या’ नावाचा दुसरा विषाणू सुटला. युक्रेन देशात हिशेबासाठी वापरल्या जाणाऱ्या एका आज्ञावलीच्या अपडेटमधून तो पसरला आणि तेथे व्यवसाय असलेल्या आंतरराष्ट्रीय कंपन्यांच्या जाळ्यांतून जगभर गेला. तो त्याच छिद्रातून शिरे. शिवाय एका यंत्रात शिरल्यावर तेथील परवलीचे शब्द चोरून, दुरुस्त केलेल्या शेजारच्या यंत्रातही जाई. डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीस त्याने ग्रासले. रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्यात न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर आहे. त्यातील एक मोठे माल-टर्मिनल या समूहाच्या कंपनीकडून चालविले जात होते, आणि तेथील संगणकीय कामकाज ठप्प झाले. मालपेट्या उतरविण्याचे व चढविण्याचे काम मंदावले, वाहनांची कोंडी होऊ लागली आणि काही माल बंदरातील इतर टर्मिनलांकडे वळवावा लागला. कोठल्याशा दूर देशातील हिशेबाच्या आज्ञावलीतून निघालेल्या विषाणूमुळे कोकणच्या किनाऱ्यावरील मालपेटी जागीच खोळंबली.

मर्स्क कंपनीला सुमारे दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले. तिने आपले नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर इतके सांगितले. या उभारणीसाठी कोणत्या कर्मचाऱ्यास कोणता अधिकार, याची मुख्य नोंदवही अत्यावश्यक होती. तिच्या जगभरच्या नकला एकमेकींशी सतत जुळवून घेत असल्याने सर्वच एकदम नष्ट झाल्या. आफ्रिकेतील घाना देशात मात्र एक नक्कल वाचली, कारण ऐन हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेली होती आणि तो संगणक जाळ्यापासून तुटलेला होता. एवढ्या मोठ्या उद्योगास वीज जाण्याच्या योगायोगावर विसंबावे लागले. जाळ्यापासून अलग ठेवलेली एक नक्कल किती मोलाची असते, हे सांगण्यास याहून बोलका दाखला नाही.

घाईची दुरुस्ती

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की दुरुस्ती आली की क्षणाचाही विचार न करता सर्व यंत्रांवर एकदम चढवावी. परंतु १९ जुलै २०२४ च्या घटनेने दुसरी बाजूही दाखविली. क्राउडस्ट्राइक या कंपनीची सुरक्षा-आज्ञावली विंडोजच्या गाभ्यात राहून पहारा करते. त्या दिवशी भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी तिने एक अपडेट जगभर पाठविले. आज्ञावली २१ वा रकाना वाचू पाहत होती. प्रत्यक्षात रकाने २० च पुरविलेले होते. नसलेला रकाना वाचण्यासाठी पहारेकऱ्याने जागेबाहेर पाऊल टाकले आणि गाभाच कोसळला. ७८ मिनिटांत कंपनीने ते अपडेट मागे घेतले. परंतु तोवर सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले होते आणि त्यांतील असंख्य यंत्रे माणसाने समोर बसून हाताने सावरावी लागली. भारतातील अनेक विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र देण्याची पाळी आली. ज्या पेडणे तालुक्यात मोपा येथे जानेवारी २०२३ पासून मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ कार्यरत आहे, तेथील लोकांना या घटनेचे गांभीर्य वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

या दोन घटनांत विरोध नाही. २०१७ मध्ये दुरुस्ती आली आणि बसविली गेली नाही. २०२४ मध्ये बदल पुरेसा न तपासता सर्वत्र एकाच वेळी बसविला गेला. कुशल खाजनकार मानशीचे नवे दार बसविताना एक भरती-ओहोटी ते पाहतो; पण त्या सबबीखाली संपूर्ण पावसाळा दाराविना काढीत नाही. संगणकाच्या बाबतीत हाच मध्यम मार्ग श्रेयस्कर होय. प्रथम एकदोन यंत्रांवर दुरुस्ती चढवावी, एकदोन दिवस काम नीट चालते हे पाहावे आणि मग विलंब न लावता सर्व यंत्रांवर चढवावी. छिद्रातून हल्ले सुरू झाल्याचा इशारा असेल तेव्हा मात्र हा काळही आवरता घ्यावा.

कोणी काय करावे

गोव्यातील पंचायती आणि शासकीय कचेऱ्या गोवा ब्रॉडबँड नेटवर्कने परस्परांशी जोडलेल्या आहेत. या जोडणीने नागरिकाची पायपीट वाचली. परंतु जाळे म्हणजे एक प्रकारे सामाईक बांधच. एका कचेरीतील दुर्लक्षित यंत्र हे सर्वांच्या दाराशी असलेले भोक ठरते. सबब प्रत्येक कचेरीत पुढील चार गोष्टी तरी नियमाने व्हाव्यात.

पहिली, कचेरीतील प्रत्येक यंत्राची नोंद असावी आणि त्यावरील कार्यप्रणाली कोणती व शेवटची दुरुस्ती कोणत्या तारखेची हे तीत लिहिलेले असावे. ज्या यंत्राची नोंदच नाही त्याची दुरुस्ती कोणी करीत नाही.

दुसरी, आयुष्य संपलेल्या कार्यप्रणालीवर काम करू नये. विंडोज एक्सपीचे साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज सातचे १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज दहाचे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. साहाय्य संपले याचा अर्थ यंत्र बंद पडेल असा नव्हे. त्यात पुढे सापडणारी छिद्रे सर्वसाधारणपणे कोणी बुजविणार नाही, असा त्याचा अर्थ. हेच यंत्र चालू दिसत असल्यामुळे फसवे ठरते. नवे यंत्र घेणे शक्य नसेल तेथे, काम चालण्याजोगे असल्यास, नव्या लिनक्सचा विचार करता येईल. तेही न जमल्यास ते यंत्र जाळ्यापासून अलग तरी ठेवावे.

तिसरी, महत्त्वाच्या धारिकांची एक नक्कल जाळ्याला न जोडलेल्या साधनावर नेमाने काढून ठेवावी आणि ती पुन्हा उघडते की नाही हे अधूनमधून पाहावे.

चौथी, घडलेली घटना लपवू नये. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या अखत्यारीत ‘सर्ट-इन’ ही संस्था जानेवारी २००४ पासून कार्य करीत आहे. नव्या छिद्रांविषयी ती सूचना प्रसिद्ध करते. २८ एप्रिल २०२२ च्या तिच्या निर्देशांनुसार ठराविक प्रकारच्या सायबर घटना ध्यानात आल्यापासून सहा तासांच्या आत तिला कळविणे शासकीय संस्थांवरही बंधनकारक आहे. कमीपणा येईल या भीतीने बांधाचे भगदाड झाकून ठेवणारा मनुष्य शेजाऱ्याचेही शेत बुडवितो.

शिक्षकांकडे याहून मोठे काम आहे. २०२१ पासून गोव्यातील शाळांत संगणक-आज्ञालेखन आणि यंत्रमानवशास्त्र शिकविण्याची शासकीय योजना राबविली जात आहे. विद्यार्थ्यास आज्ञावली लिहिण्यास शिकविताना ती मोडून पाहण्यासही शिकवावे. रकान्यात नावाऐवजी हजार अक्षरे लिहिली तर काय होईल, वयाच्या जागी उणे आकडा दिला तर काय होईल, असे प्रश्न त्याला विचारावेत. गाभ्यातील मोठमोठी छिद्रे याच साध्या प्रश्नांचे उत्तर न शोधल्यामुळे राहिली. लिनक्सचा गाभा मोठ्या अंशी सी भाषेत लिहिलेला आहे आणि ती भाषा जागेची मर्यादा स्वतः तपासत नाही. डिसेंबर २०२२ पासून ज्या रस्ट भाषेला त्यात प्रवेश मिळाला, ती अशा पुष्कळ चुका लिहितानाच अडविते. हा गाभा सर्वांना वाचावयास खुला आहे. पेडण्याच्या शाळेतून निघालेला विद्यार्थी उद्या त्यातील एखादे छिद्र शोधून बुजवू शकेल. त्यासाठी कोणाच्या शिफारसपत्राची गरज नाही, अभ्यासाची आहे.

ग्रामस्थांच्या हाती आज जो भ्रमणध्वनी आहे, त्यातही असाच गाभा आहे आणि त्याच्या आधारावर बँकेचे व्यवहार होतात. फोनच्या सेटिंग्जमध्ये सिक्युरिटी अपडेटची तारीख दिसते. ती तारीख एकदा पाहावी. घरातील मुलांकडून पाहून घेतली तरी चालेल. अपडेट आले असल्यास ते फोनच्या सेटिंग्जमधूनच घ्यावे. कोणी अनोळखी मनुष्य दूरध्वनी करून वा संदेश पाठवून अमुक दुव्यावरून अपडेट घ्या म्हणाला तर ते कदापि घेऊ नये. चोर पुष्कळदा गवंड्याच्या वेशात येतो. पैशांची फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

गाभ्यातील एखादे छिद्र बुजविण्यासाठी जगाच्या कोठल्याशा कोपऱ्यात कोणी रात्र जागवितो, दुसरा ते काम तपासतो, तिसरा ते सर्वत्र पाठवितो. या साखळीतील शेवटचा दुवा मात्र पंचायतीच्या मेजावर, शाळेच्या संगणक-खोलीत आणि ग्रामस्थाच्या खिशात असतो. २०१७ साली पहिले सारे दुवे शाबूत होते. तुटला तो हा शेवटचा. दुरुस्ती तयार असूनही ज्याचे यंत्र फुटले, त्याला किमान ५९ दिवस मिळाले होते. म्हणून प्रत्येक कचेरीने महिन्यातील एक दिवस या कामासाठी ठरवून टाकावा आणि जमिनीच्या नोंदी, मुलांचे निकाल व गरिबांची ठेव ज्यावर उभी आहे, त्या सामाईक बांधाची पाहणी त्या दिवशी न चुकता करावी.